गुडघ्याचे माप

गेल्या दिवाळीत नात पुण्याहून कोल्हापूरला आली, तेव्हा धुण्याचे कपडे काढण्यासाठी मी सवयीप्रमाणे तिची बॅग उघडली. बाजूच्या कप्प्यात हाताला एक विचित्र वस्तू लागली. तळहाताएवढा, किंचित फुगीर असा काळा प्लास्टिकचा तुकडा. त्याच्या पाठीला व्हेल्क्रो होते आणि एक कड तिरकी, सहाणेवर उगाळावी तशी झिजलेली. टाच घासण्याचा दगड असावा असे समजून मी तो न्हाणीघरात ठेवून दिला. संध्याकाळी तो तिथे पाहून नात हसत सुटली. "आज्जी, अगं हा दगड नाही, हा माझा गुडघा आहे!" असे म्हणता म्हणताच ती एकदम गप्प झाली, कारण मागे दारात तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, उभा होता.

घराला अशा रीतीने कळले की आमची चोवीस वर्षांची नात गेले वर्षभर सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल शर्यतीच्या ट्रॅकवर शिकायला जाते. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे नावाचा, जेमतेम दोन किलोमीटर लांबीचा ट्रॅक आहे. एस. करिवर्धन या मोटारशर्यतींतील जाणकार पुरुषाच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिलेले असून तो २००३ मध्ये सुरू झाला. तिथे प्रशिक्षक शिकवतात, समोरून वाहन येत नाही, खड्डे नसतात, रुग्णवाहिका उभी असते, हे सारे तिने आम्हाला समजावून सांगितले. मुलाने ऐकून घेतले आणि एकच शब्द उच्चारला, "बंद."

त्याच्या त्या एका शब्दामागे पंधरा वर्षे होती. २००९ च्या पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पसरलेल्या खडीवरून त्याची स्कूटर घसरली होती. वेग फार नव्हता आणि डोक्यावर हेल्मेट होते, म्हणून डोके वाचले. परंतु उजव्या गुडघ्याची वाटी दुभंगली. शस्त्रक्रिया करून ती तारेने बांधावी लागली. पुढचे तीन महिने मी त्याची शुश्रूषा केली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, आणि पुढे व्यायामाच्या वेळी गुडघा दहा अंश अधिक वाकावा म्हणून त्याच्या डोळ्यांत येणारे पाणी, हे सर्व मी पाहिले आहे. आजही जिना उतरताना तो कठड्याला हात लावतो. नात तेव्हा नऊ वर्षांची होती. आता तीच गुडघा जमिनीला टेकवून वाहन वळवते हे ऐकल्यावर त्याचा संताप मला समजत होता. मात्र त्याच्या संतापाखाली भीती होती आणि ती भीती माझ्याही पोटात होती.

तीन दिवस घरात फराळाच्या ताटांचाच काय तो आवाज होता. चौथ्या दिवशी दुपारी नात माझ्या शिवणाच्या खोलीत येऊन बसली. मी चाळीस वर्षे शिवणकामाचे वर्ग चालवले. आता डोळे साथ देत नाहीत, पण मशीन अजून जागच्या जागी आहे. तिने काही न बोलता डाव्या पायाचा पायजमा वर सरकवला. गुडघ्याच्या वाटीवर पिवळट, मावळत चाललेला मोठा डाग होता. "महिन्यापूर्वी घसरले," ती म्हणाली. "सूट मैत्रिणीचा होता. आत गुडघ्याला गादी होती, पण पडल्यावर ती बाजूला फिरली. बाबांना सांगू नकोस."

ती रात्र मी जागून काढली. या मुलीला बंदी घातली तर ती जाणार नाही, असे मला वाटेना. ती लपवून जाईल, उसन्या सुटात जाईल आणि पडली तर फोनवर "बरी आहे" म्हणेल. लपवलेल्या गोष्टीचे माप कुणी घेत नाही. सकाळी मी मुलाला म्हटले, "तू हो म्हणू नकोस, नाही पण म्हणू नकोस. एक महिना दे. मला आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ दे." तो काही बोलला नाही. आमच्याकडे याचा अर्थ अनुमती असा होतो.

मग नात शिक्षिका झाली आणि मी विद्यार्थिनी. माझा पहिला प्रश्न साधा होता: गुडघा मुळात जमिनीला टेकवायचाच कशाला? तिने सांगितले, वळणावर स्वार आपले शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवतो, त्यामुळे तितक्याच वेगाला गाडी थोडी कमी कलंडवावी लागते. बाहेर काढलेला गुडघा हा एक प्रकारचा मापकही असतो. तो जमिनीला हलकेच लागला की आपण किती कललो आहोत हे स्वाराला कळते. १९७० च्या दशकारंभी फिनलंडचा यार्नो सारिनेन गाडीबाहेर असा झुकून वळत असे. पुढे १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवणाऱ्या अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्‌सने ही शैली रूढ केली. त्या काळी तयार स्लायडर मिळत नसत. स्वार गुडघ्यावर जाड चिकटपट्टीचे थर गुंडाळत, हेल्मेटच्या जुन्या काचेचे तुकडे लावत. ती पट्टी झिजली की नवी लावायची. हे ऐकून मला आमच्याकडील शेतकरी आठवले, पायताणाच्या तळाला टायरचा तुकडा ठोकून घेणारे. गरज तीच आणि युक्तीही तीच.

दुसरा प्रश्न मी शिवणकामवालीच्या नजरेने विचारला: हे सगळे मिळून गुडघ्याला नेमके कशापासून वाचवते? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला जे उमगले, ते मुख्यतः इथे सांगावेसे वाटते. कारण आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे ट्रॅकवर नसली तरी रोज दुचाकीवर असतात.

गुडघ्याची रचना मोठी विलक्षण आहे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात तिथे समोर वाटीचे छोटे हाड ढालीसारखे असते. पण त्या ढालीवर मांसाची गादी नाही. वर जवळजवळ थेट कातडी. त्यामुळे पडताना गुडघ्यावर तीन वेगवेगळी संकटे येतात. पहिले आदळण्याचे, दुसरे घासले जाण्याचे आणि तिसरे पिळवटण्याचे. पोशाखातील प्रत्येक भाग यांपैकी एकाच संकटासाठी असतो. आतली गादी, जिला ही मुले आर्मर म्हणतात, ती आदळण्याचा धक्का पसरवते आणि शोषते. चामडे घासण्यापासून वाचवते. बाहेरचा स्लायडर हा वळताना जमिनीवरून सहज सरकावा आणि चामड्याऐवजी तो झिजावा यासाठी असतो. धक्का झेलणे हे त्याचे काम नाही. केवळ स्लायडर जाडजूड आहे म्हणून गुडघा सुरक्षित आहे, असे समजणे ही मोठी चूक. आणि तिसरे संकट, पिळवटण्याचे, यावर या पोशाखात फारसा उपाय नाही. पाय अडकून गुडघा मुरगळला तर आतले अस्थिबंध आणि कूर्चा दुखावू शकतात, मग गादी कितीही उत्तम असो. हे नातीने मला स्वतःहून सांगितले, लपवले नाही. तिथे माझा तिच्यावरील विश्वास वाढला.

जानेवारीत मी पुण्याला गेले आणि आम्ही दोघी दुकानात गेलो. पर्समध्ये मी माझी जुनी मेजरटेप घेतली होती. काउंटरवरचा तरुण आधी नातीशीच बोलत होता. मी चामड्याचा सूट उलटा करून त्याच्या शिवणी बघू लागले, तेव्हा त्याने खुर्ची आणून दिली. "बसा आजी, सावकाश बघा."

दोन सूट समोर होते. एक चकचकीत, मोठमोठ्या अक्षरांचा. दुसरा साधा काळा. चामडे दोन्हींचे पूर्ण अंगाचे होते. ट्रॅकसाठीच्या सुटांत ते बहुधा १.२ ते १.४ मिलिमीटर जाडीचे असते. कांगारूच्या चामड्याचे सूटही मिळतात. ते पातळ असूनही बळकट आणि वजनाला हलके असतात, पण आमच्या आवाक्याबाहेरचे. कोल्हापुरात आयुष्य गेल्याने चामड्याची थोडी ओळख आहे. दुमडून पाहिले, चिमटीत धरून पाहिले, दोन्ही ठीक वाटले. फरक शिवणीत होता. चकचकीत सुटाच्या गुडघ्याशी एकच उघडी टीप होती आणि ती नेमकी जिथे जमिनीशी गाठ पडणार तिथून गेली होती. साध्या सुटाची शिवण दुहेरी होती, तिची एक टीप आतल्या घडीत झाकलेली होती, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जोड न देता चामड्याचा अखंड तुकडा घेतला होता. वरची टीप घासून तुटली तरी आतली धरून ठेवते, हे मी वर्गात मुलींना चाळीस वर्षे सांगत आले. कापड असो वा चामडे, वस्त्र फाटते ते बहुधा शिवणीतच.

मग गादी. ती खिशातून बाहेर काढता येते का, हे आधी पाहावे. येत असेल तर तिच्यावरचा शिक्का वाचता येतो. युरोपीय मानक ई.एन. १६२१-१ हे हातापायांच्या अशा गाद्यांसाठी आहे. शिक्क्यावर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र असते आणि गुडघ्यासाठी 'के' हे अक्षर. चाचणीत सुमारे पाच किलोचे वजन ५० ज्यूल ऊर्जेने, म्हणजे साधारण एक मीटर उंचीवरून, गादीवर टाकतात आणि पलीकडे किती जोर पोहोचला हे मोजतात. स्तर १ ची गादी असेल तर सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर पोहोचण्यास मुभा आहे. स्तर २ ला ती केवळ २० किलोन्यूटन. आकाराचेही दोन प्रकार असतात. 'ए' लहान, 'बी' मोठा, अधिक भाग झाकणारा. शिवाय काही गाद्यांवर 'टी प्लस' अशी खूण असते. तिचा अर्थ ती गादी ४० अंश सेल्सिअसलाही चाचणीत उतरली आहे. गादीचा फेस उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात ही खूण महत्त्वाची. चकचकीत सुटात स्तर १ ची लहान गादी निघाली. साध्या सुटात स्तर २, प्रकार 'बी', 'टी प्लस'.

आणखी एक बारकावा तिथे कळला. गादीवर शिक्का आहे म्हणजे संपूर्ण पोशाख तपासलेला आहे, असे नव्हे. पोशाखासाठी ई.एन. १७०९२ हे वेगळे मानक आहे आणि त्यात 'एएए' ही श्रेणी सर्वांत वरची. पोशाखाच्या आतल्या चिठ्ठीवर ती छापलेली असते. विक्रेत्याचे शब्द नव्हे, ती चिठ्ठी वाचावी. चष्मा लावून मी ती वाचली.

शेवटची परीक्षा मापाची. नातीने सूट घातला आणि ती पोक काढून उभी राहिली. मी म्हटले, "अगं, तंग होतोय." तरुण म्हणाला, "आजी, हा उभे राहण्याचा पोशाख नाही." त्याने तिला दुकानातल्या गाडीवर बसवले. गुडघे वाकताच सूट अंगाला बरोबर बसला. मग मी पुढे होऊन वाटी कुठे आहे ते बोटांनी चाचपले. गादी वाटीवर नीट मध्यभागी येऊन खाली नडगीवरही उतरली पाहिजे, आणि तीही गुडघा वाकलेला असताना. त्यानंतर मी चामड्यावरून गादी मुठीत धरली आणि जोर लावून डावीउजवीकडे फिरवली. ती हलली नाही. मैत्रिणीच्या सुटात हीच गादी फिरली होती, कारण मैत्रीण उंचीने अधिक आणि मांडीने भरलेली. उसन्या सुटाचा दोष चामड्यात नव्हता, मापात होता. उत्तम गादी दोन बोटे बाजूला सरकली की ती नसल्यातच जमा.

सुटाची किंमत ऐकून मी पदर सावरला. निम्मे पैसे नातीने घातले. निम्मे मी, शिवणवर्गाच्या जुन्या ठेवीतून.

त्या रात्री पुण्याहून घरी फोन केला तर यजमान म्हणाले, "माझा गुडघा आज फार ठणकतोय." त्यांचे वय सत्याहत्तर. डाव्या गुडघ्याची झीज आठ वर्षांपासूनची. डॉक्टरांनी गुडघ्याला आधार देणारा पट्टा लिहून दिला होता. तो औषधांच्या दुकानातून आणला, चार दिवस वापरला आणि कपाटात गेला. मी वर्षभर त्यांच्यामागे लागले होते, "अहो, पट्टा घाला." ते म्हणत, "घसरतो." मी म्हणे, "तुम्हाला कंटाळाच फार." दुकानात नातीच्या गुडघ्याची गादी मुठीत धरून फिरवली तेव्हा जे सुचायला हवे होते, ते फोन ठेवल्यावर सुचले. घसरतो म्हणजे माप चुकले आहे. मी सबंध गावाची मापे घेतली आणि नवऱ्याच्या गुडघ्याला कधी टेप लावली नाही.

कोल्हापूरला परतल्यावर पहिले काम ते केले. यजमानांना उभे करून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावरचा घेर आणि तिथून सुमारे १५ सेंटिमीटर वर मांडीचा घेर, असे दोन्ही मोजले. घेर कुठे मोजावा हे पट्ट्याच्या खोक्यावर छापलेले असते, आणि उत्पादकागणिक त्यात फरक पडतो. आमच्या खोक्यावरही ते होते, पण वर्षभर कुणी वाचले नव्हते. पट्टा एक माप मोठा निघाला. योग्य मापाचा आणला, तो घसरला नाही. भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी मात्र आम्हाला बजावले की साधा लवचिक पट्टा शरीराचा भार उचलत नाही. तो ऊब आणि आधाराची जाणीव देतो, त्यामुळे पाऊल धीराने पडते. एका बाजूनेच झीज झालेल्या काही रुग्णांना भार दुसरीकडे वळवणारे बिजागरीचे पट्टे लागतात, पण ते तपासणीनंतरच. खरे बळ मांडीच्या पुढच्या स्नायूंचे. खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, धरून ठेवणे, सावकाश खाली आणणे हा व्यायाम रोजचा. वजन आटोक्यात ठेवणे हेही त्याच रांगेतले. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, त्यामुळे एक किलो उतरले तरी गुडघ्याला त्याहून अधिक हलके वाटते.

पट्टा वापरणाऱ्यांसाठी त्यांनी आणखी काही गोष्टी सांगितल्या. तो इतका घट्ट नसावा की खाली पोटरीवर सूज येईल, मुंग्या येतील किंवा पाय गार पडेल. सांगितल्याशिवाय झोपताना घालू नये. मधुमेह असेल तर काढल्यावर रोज त्वचा पाहावी, लालसर रेघ किंवा फोड दिसला तर थांबावे. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, तर पट्ट्याला दोष देत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

माझे दुसरे काम यजमानांच्या काठीचे. नातीचा स्लायडर अजून माझ्या शिवणाच्या टेबलावर पडला होता. त्याची झिजलेली कड पाहता पाहता मी काठी उलटी केली. टोकाचे रबर एका बाजूने तसेच तिरके झिजले होते, खालच्या खाचा पुसल्या गेल्या होत्या आणि तळ आरशासारखा गुळगुळीत झाला होता. ओल्या फरशीवर ही काठी आधार देणार की घेऊन जाणार? रबर थोड्या पैशांत मिळाले. काठीची उंचीही तपासली. पायात नेहमीच्या चपला घालून हात सैल सोडून उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीशी काठीची मूठ यावी. आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. यजमान आठ वर्षे ती डाव्याच हातात धरत होते.

टिकाऊ या शब्दाचा अर्थ मी इतकी वर्षे चुकीचा लावत होते. टिकाऊ म्हणजे न झिजणारे, असे मला वाटे. नातीच्या पोशाखात तीन वस्तूंची तीन आयुष्ये आहेत. चामडे निगा राखली तर कित्येक वर्षे चालते. ते उन्हात वाळवायचे नाही, सावलीत रुंद खांद्याच्या हँगरवर टांगायचे, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचे नाही, आणि आपल्या पावसाळ्यात बुरशीवर डोळा ठेवायचा. आतली गादी मोठा धक्का एकदा झेलला की बदलायची, बाहेरून धडधाकट दिसली तरी; म्हणून घेतानाच त्या आकाराची गादी पुन्हा मिळेल ना, हे विचारून घ्यायचे. आणि स्लायडर तर झिजण्यासाठीच असतो. त्याचे व्हेल्क्रोही साफ ठेवावे लागते. त्यात धागे-केस अडकले की पकड जाते आणि ऐन वळणावर स्लायडर निखळतो. मी तिला जुना दातघासणी ब्रश दिला आहे. जे झिजायला हवे ते झिजते, वेळेवर बदलले जाते, आणि जे बदलता येत नाही ते आत शाबूत राहते. काठीचे रबर आणि स्लायडर यांचे काम एकच.

मार्चमध्ये नात पुन्हा कोइमतूरला निघाली. आदल्या रात्री मुलाने मला विचारले, "गादी स्तर दोनची आहे ना?" खोलीत येऊन त्याने कधीतरी ती चिठ्ठी वाचली होती तर! सकाळी तो म्हणाला, "मीही जातो. बघून येतो." नातीने माझ्याकडे पाहिले. मी डबा भरत होते, भरतच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता त्याचा फोन आला. त्याचा आवाज सपाट होता. "आई, पडली." पुढचे दोन क्षण मला त्या २००९ च्या दवाखान्याचा वास आला. मग तो म्हणाला, "उठली. स्वतः उठली. चालत आली." वळणावर मागचे चाक सटकले, गाडी खाली बसली आणि ती गाडीमागून घसरत वाळूपर्यंत गेली. या प्रकारच्या पडण्यात उंची कमी असते, त्यामुळे आदळणे थोडे आणि घासणे फार. डाव्या गुडघ्यावरचे चामडे पांढरे पडले, वरची टीप काही बोटे तुटली, आतली शाबूत राहिली. गादी जागची हलली नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला. सूज नाही, भार टाकता येतो, कुठे अडकत नाही. तरी त्यांनी सांगितले की पुढच्या काही तासांत गुडघा भराभर सुजला, पायावर उभे राहता येईना, किंवा गुडघा अडकून बसला, तर थांबायचे नाही. रात्री अकरापर्यंत मुलगा तिच्या गुडघ्याकडे बघत बसला होता, असे नंतर नातीने सांगितले. तिला झोप आली, त्याला नाही.

माझ्या मुलाची भीती त्या दिवशी गेली, असे मी म्हणणार नाही. ती आहे, माझीही आहे. पिळवटणारे पडणे या पोशाखाला अडवता येत नाही हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. पण आता ती पडली तर फोन घरी येतो. तिने डाग लपवला नाही आणि त्याने आवाज चढवला नाही. इतके तरी आम्ही मिळवले.

सूट दुरुस्तीला माझ्याकडेच आला. माझ्या मशीनला ते चामडे झेपेना, म्हणून चामड्याच्या मशीनवर काम करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडे गेले आणि शेजारी बसून दुहेरी टीप घालून घेतली. गादीही नवी बसवली, कारण जुनीने आपले काम केले होते.

कपडे शिवताना आम्ही शिवणीच्या आत थोडे जादा कापड सोडतो. त्याला माया म्हणतात. अंग वाढले, वस्त्र घट्ट झाले, तर तेवढे उसवून घेता यावे म्हणून. ज्यांची आपण काळजी घेतो त्यांना आपण पुष्कळदा अशी माया न सोडताच शिवून टाकतो. म्हाताऱ्याला "बसून राहा" म्हणतो, तरुणाला "जाऊ नको" म्हणतो, आणि दोघेही आपल्याला न सांगता उठतात. वाचकहो, तुमच्या घरात कुणाच्या कपाटात न वापरलेला पट्टा पडला असेल, किंवा कुणी रोज दुचाकीने कामावर जात असेल, तर उपदेश करण्याआधी एकदा टेप हातात घ्या. "का घालत नाहीस?" याऐवजी "कुठे घसरतो, कुठे टोचतो?" असे विचारा. मला हे विचारायला वर्ष लागले.

परवा यजमान उजव्या हातात काठी धरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटे जाऊन आले. आल्यावर त्यांनी काठी उलटी करून रबर पाहिले. "अजून चार महिने जाईल," ते म्हणाले, आणि पट्टा काढून वाळत घालण्यासाठी माझ्या हातात दिला.